४ गुणांचा ट्रिपल डबल आणि आपली स्कोअरशीट

टेबलकाका

नमस्कार मंडळी. बास्केटबॉलवर इथे क्वचितच लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेली बावीस वर्षं मी मुंबईत शाळा-कॉलेजांच्या मॅचना टेबलवर बसतो. नागपाडा, माटुंगा, जिथे बोलावतील तिथे. स्कोअरशीट भरणं हे माझं काम, आणि ते मला मनापासून आवडतं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. बास्केट झाली की धावत्या गुणांच्या रकान्यात त्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. लांबून मारलेली तीन गुणांची असेल तर नंबराभोवती गोल. फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला एका गुणाचा मोकळा शॉट असेल, तर आकड्यावर ठसठशीत टिंब. फाउल झाला की नावापुढच्या पाच चौकोनांपैकी एक भरायचा. मॅच संपली, सह्या झाल्या की प्रती फाडायच्या: पांढरी आयोजकांना, गुलाबी जिंकलेल्यांना, पिवळी हरलेल्यांना.

त्या कागदावर गुण असतात, फाउल असतात, टाइमआउट असतात. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू, नसतो. असिस्ट, म्हणजे ज्यावर बास्केट झाली तो पास, नसतो. चेंडू कोणी चोरला (स्टील), कोणी घालवला (टर्नओव्हर), शॉट कोणी अडवला (ब्लॉक), यातलं काहीच नसतं.

गेल्या महिन्यात चौदा वर्षांखालच्या मुलींची एक मॅच होती. ११ नंबरच्या मुलीच्या नावावर माझ्या कागदात एक तिरकी रेघ आणि तीन फाउल. म्हणजे २ गुण. पण मी टेबलवरून बघत होतो. समोरच्या संघात एक डोकंभर उंच मुलगी होती. शॉट सुटला रे सुटला की ही ११ नंबर चेंडूकडे न बघता आधी तिच्याकडे वळायची, पाठ लावायची, गुडघे वाकवून तिला रिंगपासून दूर धरून ठेवायची. चेंडू मग आपल्याच संघातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडायचा. चाळीस मिनिटं हेच. उंच मुलीला रिंगखाली सोपी बास्केट अशी मिळालीच नाही.

निवडयादी लागली तेव्हा ११ नंबर त्यात नव्हती. निवड करणाऱ्यांपैकी एकाच्या हातात माझीच गुलाबी प्रत होती आणि ते पेनाने गुण मोजत होते. तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही तर समोरच बसला होतात. तुम्ही सांगा ना त्यांना." मी सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला. त्या कागदावर अक्षर माझं होतं.

त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही. बास्केटबॉलमध्ये भरपूर आकडे मोजणारी लीग म्हणजे अमेरिकेतली एनबीए. तिथेसुद्धा हे रकाने हळूहळूच आले. बिल रसेल हा बोस्टन सेल्टिक्सचा सेंटर, १३ मोसमांत ११ विजेतेपदं. कारकिर्दीची सरासरी मॅचमागे १५.१ गुण आणि २२.५ रिबाउंड. आणि ब्लॉक? ज्या कलेसाठी तो ओळखला गेला, तिचा अधिकृत आकडाच नाही. ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात झाली १९७३-७४ च्या मोसमात आणि रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. त्याचा प्रतिस्पर्धी सेंटर विल्ट चेंबरलेन शेवटचा मोसम खेळला १९७२-७३ मध्ये, म्हणजे तो थांबला आणि पुढच्याच वर्षी रकाना आला. टर्नओव्हरची नोंद तर १९७७-७८ पासूनची.

आता दुसरं टोक बघा. १० फेब्रुवारी २०१७, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध मेम्फिस. ड्रेमंड ग्रीनचे गुण फक्त ४. पण १२ रिबाउंड, १० असिस्ट, १० स्टील, शिवाय ५ ब्लॉक. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांपैकी तीन दोन आकडी झाले की ट्रिपल डबल; गुण दोन आकडी नसताना तो झाला एनबीएच्या इतिहासात पहिल्यांदा. तीच मॅच माझ्या स्कोअरशीटवर घेतली असती तर? दोन-तीन खुणा आणि फाउल. गुलाबी प्रत बघणाऱ्याने त्याला यादीतून काढला असता.

तर विचारायचं हे आहे. टेबलवर एकच जादा माणूस, एक वही, दोन पेनं. शाळेच्या मॅचमध्ये काय काय मोजता येईल आणि कसं? इथे खेळलेले, शिकवणारे, पालक बरेच आहेत. मनापासून लिहा.

---

शीवकर_आई

काका, वाचताना भरून आलं. माझी लेकही याच वयाची. मॅचहून घरी आली की आजी पहिला प्रश्न विचारते, "किती केलेस?" लेक "शून्य" म्हणते आणि बॅग टाकून आत जाते. पुढे काय विचारायचं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण कोणी शिकवलं तर मी वही घेऊन बसायला तयार आहे. तशीही दर रविवारी बाकावर बसूनच असते.

---

पहाटेचा_प्रेक्षक

काका, उत्तम धागा. मी फक्त बघणारा. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला मॅच लावतो, उरलेला भाग डोंबिवलीच्या लोकलमध्ये.

माझ्या मते रिबाउंड-असिस्टच्याही आधी एक गोष्ट मोजा: मारलेले शॉट. घातलेले नाही, मारलेले. आपल्याकडे २० गुण करणाऱ्या मुलाचा सत्कार होतो, पण त्यासाठी त्याने ३० शॉट मारले की १२, हे कोणी विचारत नाही. ३० मारले असतील तर बाकीच्या चौघांच्या वाट्याचेही त्यानेच खाल्ले.

दोन मोठ्या रात्री घ्या. २ मार्च १९६२, विल्ट चेंबरलेनचे १०० गुण: मैदानी शॉट ६३ पैकी ३६, फ्री थ्रो ३२ पैकी २८. ३६ दुणे ७२ आणि २८, झाले शंभर. तेव्हा थ्री पॉइंटर नव्हताच, तो एनबीएत आला १९७९-८० ला. आणि २२ जानेवारी २००६, टोरोंटोविरुद्ध कोबी ब्रायंटचे ८१: शॉट ४६ पैकी २८, त्यात थ्री १३ पैकी ७, फ्री थ्रो २० पैकी १८. शंभर मोठे दिसतात, पण कोबीने १७ शॉट आणि १२ फ्री थ्रो कमी घेतले. एका शॉटमागे काय हाती लागलं, असं बघितलं तर मला कोबीची रात्र भारी वाटते.

आणि न गेलेल्या शॉटचं म्हणाल, तर २९ मे २०१८ चा मंगळवार मी विसरणार नाही. तिकडे २८ मेची रात्र होती. ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध वॉरियर्स, सातवी मॅच, जिंकेल तो फायनलला. हाफटाइमला ह्यूस्टन ५४-४३ पुढे. मग थ्री जाईनात. एक, दोन, पाच, दहा. सलग २७ चुकले. लोकलमध्ये शेजारचा अनोळखी माणूसही माझ्या मोबाइलमध्ये बघून मोजायला लागला होता. शेवट १०१-९२. ह्यूस्टनचे थ्री ४४ पैकी ७. फरक ९ गुणांचा, म्हणजे त्या २७ पैकी नुसते तीन गेले असते तर बरोबरी. नुसत्या गुणांच्या कागदावर हे कळलंच नसतं, ९२ एवढंच दिसलं असतं.

---

गणिताच्या_बाई

पहाटेचा_प्रेक्षक यांचा मुद्दा पुढे नेते. मी शाळेत गणित शिकवते आणि आमच्या संघाबरोबर जाते.

मुलांना मी असं समजावते. एकीने दोनचे दहा शॉट मारले, पाच गेले: १० गुण, ५० टक्के. दुसरीने तीनचे दहा मारले, चार गेले: १२ गुण, ४० टक्के. टक्केवारी पहिलीची चांगली, फायदा दुसरीचा जास्त. म्हणून तीनची बास्केट दीड धरायची. चार गेले की सहा धरायचे, दहापैकी सहा, ६० टक्के. आता तुलना सरळ झाली. या हिशेबाने कोबीचे ४६ शॉटना २८ आणि वर साडेतीन, म्हणजे साडेएकतीस, सुमारे ६८ टक्के. चेंबरलेनचे ५७.

दुसरी गोष्ट पझेशनची. चेंडू आपल्या हाती आल्यापासून समोरच्यांच्या हाती जाईपर्यंतची एक खेप. दोन्ही संघांना खेपा जवळपास सारख्याच मिळतात, त्यामुळे एका खेपेत किती गुण निघाले ते बघावं. खेपा मोजत बसायची गरज नाही, हिशेबाने निघतात: मारलेले शॉट, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४, वजा आपल्याच चुकलेल्या शॉटवर आपणच घेतलेले रिबाउंड. ०.४४ का, हा प्रश्न माझ्या वर्गात हमखास येतो. फ्री थ्रो बहुतेक वेळा दोनच्या जोडीने मिळतात, म्हणून एकाला अर्धी खेप धरायला हवी होती. पण बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा, फ्री थ्रो वेगळी खेप खात नाही. म्हणून अर्ध्यापेक्षा थोडं कमी. हा आकडा एनबीएच्या मॅचवरून काढलेला आहे, आपल्या मुलींच्या मॅचला तो तंतोतंत बसेलच असं नाही, पण चालतो.

डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने मॅच कशाने जिंकली जाते ते चार गोष्टींत मांडलं आणि त्यांना वजनही दिलं: शॉट किती चांगले गेले ४०, चेंडू किती कमी घालवला २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. काका, तुमची ११ नंबर तिसऱ्या खान्यात आहे. मॅचचा पाचवा हिस्सा. तुमच्या कागदावर तो पूर्ण कोरा.

---

झोपाळू

वाचतेय. बाईंचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला, ०.४४ वर अडलाय.

---

नागपाडा_जुना

बावीस वर्षं नागपाड्यात खेळलो, आता गुडघे गेले. सगळ्यांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो.

मोजायला लागलात की मुलं त्या आकड्यासाठी खेळायला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कॉलेजच्या संघात सर असिस्ट मोजायला लागले. महिन्याभरात त्यांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा, ज्याचा शॉट जात नाही त्याला पासच देईना, मग तो मोकळा असला तरी. कारण समोरच्याने घातला तरच असिस्ट. पास चांगला होता, पण शॉट चुकला, तर वहीत काही नाही.

एनबीएतही घडलंय. मार्च २००३, क्लीव्हलँडचा रिकी डेव्हिस. ट्रिपल डबलला एक रिबाउंड कमी, मॅच हातात, सेकंद उरलेत. गड्याने आपल्याच रिंगवर चेंडू मारला आणि झेलला, का तर दहावा रिबाउंड होईल. समोरच्या युटाच्या खेळाडूला एवढा राग आला की त्याने धावत येऊन त्याला फाउल केला. तो रिबाउंड धरला गेला नाही, आणि वर स्वतःच्याच संघाने त्याला दंड केला. मोठ्या वयाच्या व्यावसायिक माणसाचं हे, तर चौदा वर्षांच्या पोरांचं काय?

आणि दुसरं. काका म्हणतात ती ११ नंबर. रिबाउंड मोजले असते तरी तिच्या नावावर काय आलं असतं? तिने तर पाठ लावून उंच मुलीला अडवलं आणि चेंडू दुसरीने उचलला. रकाना त्या दुसरीचा भरला असता. आमच्या काळी बच्चूखान मैदानावर असा पोरगा कोण आहे हे कठड्यावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असायचं. त्याला कागद लागत नव्हता. बघणारा माणूस लागत होता.

---

टेबलकाका

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी रिबाउंडचा रकाना हवा म्हणून भांडत होतो आणि त्या रकान्यातही ती मुलगी दिसली नसती. हे अगदी खरं.

पण बघणारा माणूस लागतो म्हणता, तर त्या दिवशी बघणारा मी होतोच. माझं कोणी ऐकलं नाही. समितीपुढे माझी नजर चालली नाही, माझा कागद चालला. म्हणून वाटतं की जे बघितलं ते कागदावर यायलाच हवं. मोजायचं ते आपण ठरवू. रिबाउंड कोणाच्या हातात पडला एवढंच कशाला? शॉट सुटल्यावर कोणी पाठ लावली तेही मोजू. बॉक्स आउट. त्यावर कोणी एनबीएचा शिक्का मारायची वाट कशाला बघायची?

मला यात हार्वी पोलॅक आठवतात. फिलाडेल्फियाचे आकडेवाले. एनबीएच्या पहिल्या मोसमापासून, म्हणजे १९४६-४७ पासून, २०१५ मध्ये जाईपर्यंत हेच काम. हर्शी गावातल्या चेंबरलेनच्या त्या १०० गुणांच्या मॅचला तेच टेबलवर होते. त्या मॅचचं चित्रीकरण कुठेच नाही. हातात '१००' लिहिलेला कागद धरून बसलेल्या चेंबरलेनचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्या कागदावर तो आकडा पोलॅक यांनी स्वतः लिहिला होता. लीगने ब्लॉक अधिकृत करण्याआधीही ते आपल्या आपण त्यांची नोंद ठेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं. दिसत होतं म्हणून मोजत होते.

आणि आपल्या मुंबईचं एक. ४ ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, भारतातली पहिली एनबीए मॅच. मोसमापूर्वीची सराव मॅच असली तरी. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईतच जन्मलेले. त्या दिवशी प्रेक्षकांत तीन हजारांवर शाळकरी मुलं होती आणि एका शाळेच्या मुलांबरोबर मीही होतो. मॅच ओव्हरटाइमला गेली, १३२-१३१. एका गुणाने पेसर्स. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तोंडी दोनच आकडे: टी. जे. वॉरनचे ३० आणि बडी हील्डचे २८. पण दोन्ही बाजूंचे मिळून २६३ गुण झाल्यावर फरक एकाचा. एक फ्री थ्रो. एका वेळी कोणीतरी पाठ लावली असेल किंवा लावायची राहिली असेल. मी त्या रात्री घरी येऊन मुलांना विचारत बसलो होतो, तो एक गुण कुणाचा? आजही मला उत्तर देता येत नाही, पण मुलं तेव्हापासून शॉट सुटल्यावर चेंडू सोडून माणसांकडे बघायला लागली.

जाता जाता: त्या मॅचमध्ये पेसर्सचा सबोनिस आणि किंग्जचा हील्ड समोरासमोर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच अदलाबदलीत सबोनिस किंग्जकडे गेला आणि हील्ड पेसर्सकडे. वरळीला आलेल्या मुलांना हे सांगितलं की अजून आश्चर्य वाटतं.

---

गणिताच्या_बाई

नागपाडा_जुना यांच्या असिस्टच्या मुद्द्यावर एक उपाय. आम्ही असिस्ट मोजतच नाही. "शॉटपर्यंत नेणारा पास" मोजतो, मग शॉट जावो वा न जावो. त्यामुळे गार्ड मोकळ्या मुलीला पास देतो. चुकलेल्या शॉटची शिक्षा पास देणारीला होत नाही.

आणि आकडे मॅच संपल्या संपल्या मुलींना सांगत नाही. तीन-चार मॅच झाल्यावर एकत्र, तेही प्रत्येकीला वेगळं बसवून. भिंतीवर लावत नाही.

---

नागपाडा_जुना

बाई, हे पटलं. असा पास आमच्या वेळी मोजला असता तर दोन-तीन पोरं खेळ सोडून गेली नसती. माझा विरोध मोजण्याला नव्हता, चुकीचं मोजण्याला होता, हे आता लिहिताना कळतंय.

बॉक्स आउट मोजणार असाल तर एक सांगतो. शॉट सुटला की मोजणाऱ्याने चेंडूकडे बघायचं नाही. हे फार अवघड आहे, मान आपोआप वर जाते. नजर रिंगखालच्या पावलांवर ठेवा. जी मुलगी पाठ लावते तिचे पाय आधी वळतात. आणि उंच मुलगी रिंगखाली शिरली की बाहेर राहिली, एवढंच बघा. बाहेर राहिली, तर अडवणारीला एक रेघ.

---

शीवकर_आई

हे मला जमेल. पाय बघायचे, हे कळलं. शॉट, पास, टर्नओव्हर एकाच वेळी नाही जमणार.

---

पहाटेचा_प्रेक्षक

ताई, एका माणसाने दोनच गोष्टी मोजाव्यात. तिघं मिळालो तर सहा. मी शॉट घेतो: कोर्टाचं चित्र काढून जिथून मारला तिथे गेला तर गोल, चुकला तर फुली. टर्नओव्हरही माझ्याकडे. ताई बॉक्स आउट आणि आपल्या चुकलेल्या शॉटवर आपणच घेतलेले रिबाउंड. तिसऱ्या माणसाने पास आणि स्टील. काकांचं स्कोअरशीटचं काम आहेच, त्यांना हात लावायचा नाही.

---

नागपाडा_जुना

तिसरा मी. बसून करायचं काम आहे, गुडघ्यांना चालेल.

---

टेबलकाका

मंडळी, काय बोलू. रविवारी सकाळी साडेसातला माटुंग्याला मुलींची मैत्रीपूर्ण मॅच आहे. ११ नंबरचा संघही खेळतोय, तिच्या आईला मी कळवलंय. माझ्या टेबलच्या डाव्या बाजूला दोन खुर्च्या ठेवतो, तिसरी रिंगच्या मागे. रेघांच्या वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येकाने एक लाल आणि एक निळं पेन आणा, क्वार्टर बदलला की रंग बदलायचा, म्हणजे कोण कधी दमलं ते नंतर कळतं.

शीवकर ताई, तुम्ही रिंगच्या अगदी मागे बसा, पाय तिथून स्पष्ट दिसतात. पहिल्या क्वार्टरला मी लांबूनच दोन-तीनदा हात वर करून खूण करीन, मग तुमचं तुम्हाला दिसायला लागेल.